चाकोरीतली गाडी

अरुबाहून येऊन आठवडा झाला, तरी माझ्या बुटांच्या शिवणीतून माती गळतेच आहे. फोटो टाकल्यापासून तिघींनी विचारलं, "ती यूटीव्हीची टूर करावी का गं?" एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

यूटीव्ही म्हणजे जीप आणि रिक्षाचं लग्न लावलं तर जे होईल ते. डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा, दारं नावापुरती, पुढे काच नाहीच. चालवायची आपणच. पुढे गाइडची गाडी, मागे आपली वरात. आमच्या दोन गाड्या होत्या: एकीत मी आणि नवरा, दुसरीत पुण्याहून आलेले दीर आणि जाऊबाई.

कॅरिबियन म्हटलं की माडांची रांग आणि निळं पाणी डोळ्यांपुढे येतं ना, ते अरुबात पश्चिमेला. हॉटेलं बहुतेक तिकडेच. उत्तरेचा किनारा वेगळंच प्रकरण आहे. व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून झोडपतात, त्यामुळे दिवी-दिवीची झाडं एकाच बाजूला केस विंचरल्यासारखी वाकलेली. बाकी निवडुंग, बकऱ्या आणि कातळ. लाटा अशा आपटतात की पोहायचं नावही काढू नये. कॅलिफोर्निया दीपगृहाशी (१८९१ मध्ये जवळच बुडालेल्या जहाजाचं नाव आहे ते) गाडी वळली आणि मी चक्क ओरडले, "अरे, हा तर आपला सडा!" माझं माहेर राजापूरकडचं, आणि सडा म्हणजे तिथलं उघड्या कातळाचं पठार. फरक एवढाच, की आपला जांभा आणि त्यांचा चुनखडीचा, जुन्या प्रवाळांपासून झालेला. चप्पल घालून चाललात तर तळवे सोलून निघतील.

आल्तो व्हिस्ताचं पिवळं चॅपल, मग बुशिरिबानाच्या सोन्याच्या गिरणीचे अवशेष. १८२४ मध्ये इथे सोनं सापडलं होतं, आता नुसत्या दगडी भिंती उभ्या आहेत. पुढे नॅचरल ब्रिज, म्हणजे त्याचा ढिगारा. लाटांनी कोरलेली तीसेक मीटर लांबीची कमान २ सप्टेंबर २००५ ला कोसळली. लोक अजून येतात, पडलेल्या पुलासमोर सेल्फी काढतात. मीही काढला.

मजा आली का? प्रचंड. वारा समोरून, म्हणून पुढच्या गाडीची धूळ थेट तोंडात. गॉगल आणि रुमाल असूनही रात्री कान साफ करताना अर्धं बेट निघालं. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

बुशिरिबानाच्या अलीकडे मोकळं मैदान लागलं आणि आमच्या भावजींच्या अंगात आलं. रांग सोडून त्यांनी गाडी बाजूला घातली आणि दोन गोल चकरा मारल्या. जाऊबाई व्हिडिओ काढतायत, आम्ही टाळ्या वाजवतोय. गाइड पन्नाशीची बाई होती. तिने गाडी थांबवली, उतरली, चालत मागे आली. ओरडली नाही. "नो, दुशी," एवढंच म्हणाली. दुशी म्हणजे तिथल्या पापियामेंतो भाषेत गोड, लाडका. ती सगळ्यांनाच तसं म्हणायची. आम्हाला ऐकू आलं "दोषी". (फॅमिली ग्रुपवर भावजींचं नाव आता तेच आहे.) मग तिने खाली बोट दाखवलं. वीतभर उंचीचं जाडसर पानांचं झुडूप चाकाखाली येऊन कातळाला चिकटलं होतं. शेजारी आणखी चाकांच्या खुणा, जुन्या, आमच्या नव्हेत. तिथे वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आत. आमच्या राजापूरला जुलैच्या पंधरवड्यात तेवढा पडतो. खूण पुसायला पाणीच नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात ते झुडूप पुन्हा कधी उभं राहायचं?

बेटाचा जवळपास पाचवा हिस्सा असलेल्या आरिकोक राष्ट्रीय उद्यानात यूटीव्हीला बंदी आहे ती उगाच नाही. एकूण बेट केवढं, तर ३२ किलोमीटर लांब!

टूरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, चाकोरीबाहेरचं अरुबा पाहा. चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट. आयुष्यात ती सोडा, मी टाळ्या वाजवीन. पण त्या कातळावर चाकोरी सोडायची म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात गाडी घालणं, आणि पुढचा त्याच खुणेवरून जातो. ज्या टूरवर गाइड मध्येच थांबवून टोकते, तिला लोक "मोकळेपणाने चालवू देत नाहीत" म्हणून एक तारा कमी देतात. मला उलट वाटतं, तिचे पैसे त्याचेच. नुसती किल्ली हातात देऊन पाठवणारेही आहेत. त्यांच्याकडून घेऊ नका. राजापूरच्या सड्यावर, कातळशिल्पांशेजारी कोणी अशी चकरी मारली असती तर मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. इथे मात्र टाळ्या वाजवल्या. पुढे चॅपलचा फोटो टाकला, त्या चकरांचा व्हिडिओ मात्र कुणाला पाठवला नाही.

तर हो, करा टूर. सकाळची घ्या, दुपारी भाजून निघाल. रांगेत राहा. आणि पांढरा कुर्ता अजिबात नेऊ नका, माझा आता फरशी पुसायला लागलाय.