कोर्स झाला, पुढे काय?
कर्मचाऱ्यांच्या करिअरसाठी कंपन्यांनी प्रशिक्षणावर जास्त खर्च करावा, असं एका लेखात वाचलं. बरोबरच आहे. पण खरी अडचण कोर्स संपल्यावर सुरू होते. माझ्या टीममधल्या एका मुलीने डेटा अ‍ॅनालिसिसचा कोर्स मन लावून पूर्ण केला, आणि पुढचं वर्षभर तिच्याकडे तेच जुने रिपोर्ट भरायचं काम राहिलं. दुसऱ्या विभागात जागा निघाली, तर मॅनेजरने सोडलं नाही. चांगलं माणूस हातचं कोण घालवणार? म्हणून अंतर्गत बदलीसाठी मॅनेजरची परवानगी लागूच नये, कळवणं पुरे. आणि टीममधली किती माणसं पुढे गेली, हे मॅनेजरच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, धरलं जावं.

बढती म्हणजे माणसं सांभाळणं, हे समीकरणही मोडायला हवं. आयबीएम या संगणक कंपनीने १९६३ मध्येच पहिले 'फेलो' (तांत्रिक कामातलं सर्वोच्च पद) नेमून तांत्रिक कामात राहूनच वर जायची वाट करून दिली होती. तरी आजही कितीतरी उत्तम इंजिनिअर केवळ पगारवाढीसाठी नाइलाजाने मॅनेजर होतात. त्यात कंपनी इंजिनिअर गमावते आणि टीमच्या वाट्याला मनाविरुद्ध झालेला साहेब येतो.

आणि कृपा करून करिअरचा विषय अप्रेझलच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकू नका. त्यासाठी वेगळी बैठक ठेवा, पगाराचा विषय न काढता.