थरथर म्हणजे विष बाहेर पडणे नव्हे

भूक ही शत्रू आहे असे बजावणारा एक लांबलचक संदेश भिशीच्या ग्रुपमधून इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोहोचला. भूक लागली की गरम पाणी पिऊन ती दाबावी, हात थरथरले किंवा घाम फुटला तर विष बाहेर पडते आहे असे समजावे, पोहे-जिलेबी आणि भात कायमचे सोडावेत, संध्याकाळी सातनंतर काहीही खाऊ नये, आणि 'शरीराचे ऐका' म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांच्या नादी लागू नये, कारण मोकळीक मिळाली की माणूस खातच सुटतो, असा त्याचा मथितार्थ आहे. 'हे सर्व आयुर्वेदात सांगितले आहे' अशी मोहोरही शेवटी उमटवलेली आहे.

आत्या मधुमेहाची गोळी घेते. गुरुवारी तिने सकाळची गोळी घेतली, पण पोहे केले नाहीत आणि दोन पेले गरम पाण्यावर वेळ मारून नेली. साडेअकराला मी गेले तेव्हा तिची पाठ घामाने भिजली होती आणि चष्म्याची काडी कानामागे अडकवताना तिचा हात तीनदा चुकला. यंत्राने साखर 58 दाखवली. मी घाईघाईने पाण्यात साखर ढवळत असताना 'घाबरू नकोस गं, विष निघतंय,' असे तीच मला समजावत होती.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवले तर रक्तातील साखर 70 च्या खाली उतरू शकते, आणि घाम, थरथर, धडधड ही त्याचीच लक्षणे असतात. त्या वेळी तोंडात साखर घालायची असते, आनंद मानायचा नसतो. साखर आणखी घसरली तर माणूस बेशुद्ध पडतो. संदेशातील बाकीची वाक्ये मूर्खपणाची आहेत. हे एक वाक्य जिवावर बेतणारे आहे.

आता आयुर्वेदाचा दाखला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाका, अडवू नयेत हे सांगण्यासाठी सातवा अध्याय आहे, आणि त्यातील 13 वेगांच्या यादीत मल, मूत्र, शिंक, झोप यांच्या पंगतीला भूकही बसलेली आहे. ती दाबल्याचे परिणामही तिथेच दिले आहेत: कृशता, दुर्बलता, कांती बिघडणे, अंग मोडून येणे, अरुची आणि भ्रम, म्हणजे चक्कर. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात फार घाईने नाही, फार रेंगाळत नाही, न बोलता, न हसता, मन जेवणात ठेवून आणि आपल्याला काय मानवते ते नीट पाहून जेवावे, असे सांगितले आहे. आहारतज्ज्ञ शरीराचे ऐका म्हणतात ते याहून फार वेगळे नाही. ज्या ग्रंथाची मोहोर मारायची तो निदान उघडून पाहावा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

मोकळीक मिळाली की माणूस खातच सुटतो, ही भीतीही उलटी आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. तेव्हा त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज काही उरले नाही, काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि बंधने उठल्यावर कित्येकांना पोट भरूनही समाधान होईना. खा-खा सुटली ती उपासमारीमुळे, मोकळीक मिळाल्यामुळे नव्हे.

पोहे आणि भात विष असते तर अर्धे इंदूर केव्हाच ओस पडले असते. त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

सातनंतर न खाण्यात मात्र थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. रात्री अकराला सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या गर्दीत भुकेने आलेले थोडेच असतात, आणि टीव्हीसमोर शेवेचा डबा कधी रिकामा झाला हे आमच्या घरातही कुणाला सांगता येत नाही. पण तो भुकेचा दोष नव्हे. तिथे भूक आहे की नाही हे कुणी विचारलेलेच नसते. शिवाय गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने केवळ भुकेवर विसंबूनही चालत नाही; त्याला डॉक्टरांनी आखून दिलेली वेळ पाळावीच लागते, मग ती सातच्या आधी येवो की नंतर.

निदान थरथरीचे ते वाक्य तरी काढून टाकावे, अशी विनंती मी रविवारी आत्याच्या फोनवरून त्या ग्रुपवर पाठवली. आतापर्यंत दोन जोडलेले हात आणि एक गुलाबाचे फूल आले आहे.