प्रतिक्रियेला उत्तर: कोंबडीला जमतं ते आपल्याला का जमत नाही

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की "कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या, केसासारखे तंतू असलेल्या पेशी) मेल्या की परत येत नाहीत" हे मी माझ्या लेखात ठोकून दिलं, कोंबडीत तर त्या येतात, म्हणजे लेख चूक. आणि वर, गर्भात या पेशी कशा बनतात याचं एवढं पुराण कशाला, सोलापुरात राहता तर यंत्रमागाच्या आवाजावर लिहा की.

पहिलं मान्य. आवाजाने मेलेल्या केसपेशींच्या जागी पक्ष्यांत नव्या येतात हे १९८८ सालीच दिसलं होतं. "सस्तन प्राण्यांत" हे दोन शब्द मी खाल्ले, दुरुस्त केलंय.

पण पुराण काढणार नाही, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे की ओ. सुरुवातीला गर्भाच्या कानातल्या या जागेच्या पेशी सगळ्या सारख्याच, कुणीही केसपेशी होऊ शकते. मग एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना तसं होतं, एकीत अ‍ॅटोह१ हा जीन जोरात सुरू झाला की ती नॉच नावाच्या सिग्नलने शेजारणींना बजावते, ही जागा माझी, आणि त्या गुमान आधारपेशी होऊन बसतात. (१९९९ मध्ये हाच जीन काढलेल्या उंदरांत एकही केसपेशी बनली नाही.) असं करत आत एक रांग, बाहेर तीन, माणसाच्या एका कानात साधारण १५ हजार, बास. उंदरात तर या पेशींचं विभाजन गर्भातल्या चौदाव्या दिवसाच्या आसपासच थांबतं. पुढं पक्ष्यांत सीट रिकामी झाली की आधारपेशी उठून ती धरते, नाहीतर विभागून नवी पेशी देते. आपल्या मात्र उठतच नाहीत. नवजात उंदरात थोडी धुगधुगी असते, काही दिवसांत तीही जाते.

आता यंत्रमाग. माझे मामा अक्कलकोट रोडला तीस वर्षं मागावर होते. मोठ्या आवाजाने बारीक, उंच सुराच्या बाजूच्या पेशी आधी जातात, म्हणजे स, श असले आवाज आधी गळतात, त्यामुळं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. मामी "साखर" म्हणते, मामांना "भाकर" ऐकू येतं. कानाचं मशीन घ्या म्हणून दोन वर्षं मागं लागलोय, तर म्हणतात मला येतंय की ऐकू, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.