ड्यूररने जिंकलेला ‘पहिला कॉपीराइट खटला’ झालाच कुठे?

‘ख्रिस्ताच्या यातनांची चित्रे चोरली म्हणून जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने इटालियन कोरीवकार मार्कान्तोन्यो राइमोन्दीला व्हेनिसच्या कोर्टात खेचले आणि जगातला पहिला कॉपीराइट खटला जिंकला.’ कॉपीराइटचा विषय निघाला की ही गोष्ट फिरायला लागते. ड्यूरर माझा फार आवडता, म्हणूनच ती मला खटकते.

खटल्याचा कागदच नाही. व्हेनिसच्या दफ्तरात असा निकाल आजवर सापडलेला नाही. सगळी भिस्त कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वासारी या इटालियन लेखकाच्या १५६८ च्या ग्रंथावर, म्हणजे ड्यूरर जाऊन चाळीस वर्षे झाल्यावर लिहिलेल्या हकिकतीवर.

चित्रेही ती नव्हेत. वासारी छत्तीस चित्रांची ‘पॅशन’, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांची, मालिका सांगतो. ती पुस्तकरूपात आली १५११ मध्ये. ड्यूरर तर १५०७ लाच व्हेनिसहून घरी परतला होता. त्याची खूण, ‘ए’च्या पायांत बसवलेला ‘डी’, राइमोन्दीने उचलली ती ‘मेरीचे चरित्र’ या मालिकेच्या सतरा चित्रांत. येशूचा जन्म, मंदिरात पंडितांशी बोलणारा बाळ येशू, आईचा निरोप घेणारा ख्रिस्त, सगळे त्यात आहे. मूळ चित्रे लाकडी ठशांची. तिथे रेषेभोवतीचे लाकूड काढून टाकतात, रेष उंच राहते आणि शाई तिच्यावर बसते. तांब्यात उलटे: रेष खोल कोरायची, शाई त्या खाचेत भरायची. राइमोन्दीने तांब्यात कोरून लाकडी रेषेचा भरदारपणा जसाच्या तसा आणला, आकारही तोच ठेवला. ते कसब बघून थक्क व्हायला होते. फसलेल्या गिऱ्हाइकांसाठी वाईटही वाटते.

आता ‘जिंकला’. वासारीच्याच म्हणण्याप्रमाणे ड्यूररच्या पदरात पडले ते एवढेच, की राइमोन्दीने त्याचे नाव आणि खूण वापरू नये. चित्र उतरवायला मनाई नव्हतीच. खुद्द ड्यूररला मात्र त्याहून जास्त हवे होते. ‘मेरीचे चरित्र’च्या १५११ च्या पुस्तक-आवृत्तीत दुसऱ्याचे श्रम आणि कल्पना चोरणाऱ्यांना त्याने सम्राट माक्सिमिलियनच्या नावाने तंबी छापली. पण जानेवारी १५१२ मध्ये त्याच्याच न्यूर्नबर्गच्या नगरपरिषदेने, नगरभवनापुढे छापचित्रे विकणाऱ्या एका परक्याला बजावले ते फक्त खोटी खूण काढून टाक, नाहीतर माल जप्त. या आदेशाची नोंद आहे.

व्हेनिसमध्ये काही तक्रार झाली असेलही. पुढे राइमोन्दीने ‘पॅशन’ही तांब्यात कोरली. त्या चित्रांत ड्यूररच्या खुणेची छोटी पाटी तेवढी कोरी आहे. बाकी सगळे चित्र त्याने उतरवून घेतले.