दीड सेकंदाची हौस

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मशीनगनच्या हौसेला आहे आणि ते डॉलरमध्ये आहे. मी अ‍ॅरिझोनात राहतो, इथे कायदेशीर मशीनगन घरी ठेवता येते हे ऐकून पुण्याचे नातेवाईक घाबरतात, अरे घाबरायचंच असेल तर बिल बघून घाबरा.

भानगड अशी की मे १९८६ नंतर रजिस्टर झालेली मशीनगन अमेरिकेत साध्या माणसाला विकतच घेता येत नाही. त्याआधीचा जो माल आहे तोच या हातातून त्या हातात फिरतोय, नवीन येत नाही, गिऱ्हाईकं मात्र वाढतायत. मॅक-१० म्हणजे अक्षरशः पत्रा वाकवून केलेली गन, ऐंशीच्या दशकात काही शे डॉलरला मिळायची, आता दहा हजारांच्या आसपास. एम-१६ चं, म्हणजे अमेरिकन लष्करवाल्या रायफलचं, नावच काढू नका, तेवढ्या पैशात चांगली गाडी येते. मी मॅक घेतली आणि बायकोला सांगितलं इन्व्हेस्टमेंट आहे. ती म्हणाली, "मग लॉकरमध्ये ठेव ना, वाळवंटात कशाला उडवतोस?"

बरं पैसे मोजले की गन हातात, असंही नाही. फॉर्म ४ म्हणजे गन आपल्या नावावर करायचा सरकारी अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि वर २०० डॉलर टॅक्स. हा टॅक्स १९३४ चा, तेव्हा टॉमी गन, म्हणजे जुन्या गँगस्टर सिनेमांतली मशीनगन, तीच साधारण तेवढ्याला यायची, म्हणजे लोकांनी घेऊच नये हा सरळ हिशोब होता. आकडा आजही तोच आहे, या अख्ख्या नादात महागाई फक्त तिथेच पोचली नाही! मंजुरी येईपर्यंत गन डीलरच्या तिजोरीत, आणि मी साखरपुडा झालेल्या मुलासारखा अधूनमधून जाऊन नुसती बघून यायचो. आता ती घरी आलीय तरी दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी फॉर्म भरून परवानगी मागा.

आणि उडवणं? तीस गोळ्यांचं मॅगझिन दीड-पावणेदोन सेकंदात खल्लास. माझ्या मॅकला लागणारी पॉइंट फोर फाइव्ह मापाची एक गोळी साधारण अर्धा डॉलर, म्हणजे ट्रिगर दाबून "वा!" म्हणेपर्यंत पंधरा डॉलर गेले, टार्गेट बहुतेक वेळा धडधाकट. मग पुढची पाच मिनिटं अंगठ्याने एकेक गोळी दाबत मॅगझिन भरायचं, शेवटच्या पाच-सहा तर अंगठ्याचा जीव घेतात, आणि एखादी तापलेली पुंगळी कॉलरमधून आत गेली की जो नाच होतो तो वेगळाच. नंतर वाकून वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, कारण त्या परत भरल्या की थोडे पैसे वाचतात, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगतो.

तरी पण... ते दीड सेकंद. काय सांगू, पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा खिदळतो.

मंडळातल्या मित्रांना कळल्यापासून प्रत्येकाला "फक्त एकच मॅगझिन रे" हवं असतं. म्हणून नियम केलाय, आपापल्या गोळ्या आणा आणि मॅगझिन स्वतः भरा. परवा एकजण गोळ्यांऐवजी डबाभर चिवडा घेऊन आला. चिवडा चांगला होता म्हणून दिलं एक मॅगझिन, भरायला मात्र त्यालाच बसवलं.