"वैनी, तुम्ही मागं बसून बघा की!"

आज कोल्हापूरला गाडी बघायला गेलो होतो, मी आणि नवरा. जुन्या गाड्यांचं मोठं दुकान आहे, नाव लिहीत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको. दोन गाड्या फोनवरच हेरून ठेवल्या होत्या. एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जोरकस बहीण, २०१८ ची, लालभडक. दुसरी स्कोडा सुपर्ब, लांबलचक ऐसपैस, २०२० ची, काळी कुळकुळीत. किमती एकमेकींच्या आसपास. फोन कुणी केला होता? मी. पैसे कोण देणार? मी. चालवणार कोण? मीच. आणि तिथल्या माणसानं काय केलं? आरएसची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली, सुपर्बचं मागचं दार अदबीनं उघडलं आणि मला म्हणाला, "वैनी, तुम्ही मागं बसून बघा की. सोफा हाय सोफा!"

नवऱ्यानं किल्ली तिथल्या तिथं माझ्याकडे दिली, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्याला मुळात गाडी चालवायचा कंटाळा. बेळगावातून निघालो की हत्तरगीचा टोल यायच्या आत हा मनुष्य घोरत असतो. पण त्या दुकानदाराच्या डोळ्यांना तेवढं दिसेना. पुढचा अर्धा तास मी इंजिनबद्दल विचारतेय आणि उत्तर जातंय नवऱ्याकडे. "डीएसजीचं ऑइल कधी बदललं?" मी विचारलं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. "साहेब, गाडी एकदम फॅमिली युजची आहे," तो नवऱ्याला म्हणाला. साहेब तोवर रसाचा गाडा शोधत होते.

तर मुद्दा असा, की हा खेळ एकट्या त्या माणसाचा नाही. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की माणसाकडे चार पैसे आले, केस पांढरे झाले, की त्यानं मोठी लांब गाडी घ्यावी आणि मागं बसावं. घरच्या ग्रुपवर दोन्ही गाड्यांचे फोटो टाकले तर धाकटे भाऊजी लगेच, "वहिनी, या वयात आरएस? सुपर्ब घ्या, ड्रायव्हर ठेवा, आरामात फिरा." या वयात म्हणजे कुठल्या वयात हो? सत्तेचाळीसाव्या? आणि हेच भाऊजी स्वतः पन्नाशी ओलांडून बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर लावून टिळकवाडी हादरवत असतात, ते चालतं.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. ऑडिट. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर, पलीकडे चंदगड. सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ. सकाळी सातला निघायचं, दिवसभर लोकांच्या वह्यांत डोकं घालायचं, आणि परत येताना तवंदी घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागं रांग धरायची. या सगळ्यात माझा म्हणून जो वेळ आहे तो गाडीतला. तोही मी ड्रायव्हरच्या स्वाधीन करून मागं मोबाईल बघत बसू? कशासाठी?

सुपर्ब वाईट आहे असं मी कुठं म्हणतेय. चालवली की मी ती. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, १९० पीएस ताकद. हायवेवर अशी जाते की पोटातलं पाणी हलत नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, ऑक्टाव्हियापेक्षा सोळा-एक सेंटीमीटर जास्त, आणि ती सगळी जागा मागच्या माणसाच्या गुडघ्यांना दिलेली. डिकी ६२५ लिटरची. दारात छत्री ठेवायला खास खोबण आहे. बेळगावच्या पावसात छत्रीचं अप्रूप मलाही आहे, नाही कशाला म्हणू. आणि गंमत म्हणजे या दोघी एकाच आईच्या लेकी. खालचा सांगाडा तोच, एमक्यूबी, दोघींची बांधणी औरंगाबादच्या शेंद्र्यातली. एकीला माहेरून बाजूबंद मिळाला, दुसरीला पायांत बळ.

आरएसचं इंजिन पण दोन लिटरचंच, पण २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क. साध्या ऑक्टाव्हियापेक्षा बुटकी, सस्पेन्शन कडक, टायर रुंद आणि बारीक कडेचे. कागलच्या बाजूला थोडा मोकळा रस्ता मिळाला तेव्हा पाय जरा दाबला. स्टिअरिंग असं की नुसतं मनात आणावं आणि गाडी वळावी. सुपर्बमध्ये वळणावर अंग बाहेर कलतं, मग सावरतं, मग पुढचं वळण येतं. हिच्यात तसं होत नाही. वळण आलं, गाडी वळली, संपलं.

यावर कोणी म्हणेल, तुला कुठं रेस लावायचीय? नाही लावायची. मग ताकद कशाला, त्यासाठी तुम्हाला चोर्ल्याची, गोव्याला उतरणाऱ्या घाटाची, गोष्ट सांगावी लागेल.

गेल्या श्रावणात म्हापशाला बारसं होतं. मी, आई, नवरा आणि लेक, माझ्या जुन्या स्विफ्टमधून. जांबोटी ओलांडली आणि धुकं सुरू झालं. कणकुंबीच्या अलीकडे पुढं गोव्याला जाणारे भाजीचे टेम्पो, एकामागं एक. कोबी, मिरची, वरून ताडपत्री, ताडपत्रीवरून गळणारं पाणी थेट माझ्या काचेवर. एक सरळ तुकडा मिळाला, समोर मोकळं, मी बाहेर काढली. चार माणसं, डिकीत बारशाचं सामान, एसी चालू. पाय पार जमिनीला टेकला तरी गाडी जागची हलेना. टेम्पोच्या मधोमध पोचले आणि धुक्यातून दोन दिवे उगवले. ब्रेक दाबून परत रांगेत घुसले. मागच्या टेम्पोवाल्यानं शिव्या दिल्या असतील, त्याचा हक्कच होता.

ताकद लागते ती अशा ठिकाणी. दोनशेच्या स्पीडनं जायला नाही हो, टेम्पोच्या उजव्या बाजूला कमीत कमी वेळ राहायला. हे मागं बसणाऱ्याला कसं कळणार?

लगेच सांगते, हो, सुपर्बनंही तो टेम्पो मागं टाकला असता. १९० पीएस म्हणजे काही थट्टा नाही. बरं. पण चोर्ल्यात टेम्पो मागं टाकला की पुढं वळण असतंच, आणि तिथं मला अंग न कलणारी गाडी हवी.

आता गाडीपेक्षा नंबर प्लेटवर जास्त बोलावं लागणार आहे, कारण खरी चीड तिथं आली.

दोन्ही गाड्या एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरच्या. मी म्हटलं, एनओसीचं काय? बेळगावचा केए २२ नंबर करून घ्यायला कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागेल, मग इकडं टॅक्स. त्यावर तो हसला. "वैनी, कशाला त्या भानगडीत? कोल्हापूरचा एखादा पत्ता द्या, गाडी एमएचच राहू दे. बेळगावात सगळे तसंच फिरवतात." सगळे! म्हणजे मी, जी दुसऱ्यांच्या खोट्या व्हाउचरवर लाल पेन मारते, ती खोट्या पत्त्यावर गाडी घेणार. वरती हा सल्ला फुकट.

त्याचं गणित मला कळत नाही असं नाही. कर्नाटकात २० लाखांवरच्या नव्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १८ टक्के, वर सेस. महाराष्ट्रात तेवढ्याच पेट्रोल गाडीला १३ टक्के. जुनी गाडी आणली तर वयाप्रमाणे कमी होतो, पण भरावा लागतोच. कायदा म्हणतो, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवलीत की तिथला नंबर घ्या. तिकडं भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा तर कोल्हापूरला परत हेलपाटे. मधल्या मध्ये चिरडला जातो तो आमच्यासारखा सीमेवरचा माणूस, ज्याचं माहेर गडहिंग्लजला, सासर बेळगावात, काम चंदगडला आणि बारसं म्हापशात. तीन राज्यांत माझं रोजचं आयुष्य, आणि गाडीनं मात्र एकच राज्य निवडायचं.

एमएच पाटीची हौस मला नाही का? बेळगावात मराठी घरात राहणाऱ्या कुणाला नसते! दारात एमएच ०९ उभी राहिली तर माझे सासरे दोन दिवस अंगणात खुर्ची टाकून बसतील. पण २०२२ च्या डिसेंबरमध्ये सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा त्या ट्रकवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं की तुमचं मत काय. आणि तिकडं कर्नाटकच्या एसट्यांना काळं फासलं तेव्हाही तसंच. आमच्या गाड्या दोन्हीकडून मार खातात. मी केए २२ घेणार, टॅक्स भरणार, आणि निपाणीपलीकडे वातावरण तापलं की घरी बसणार. असो. या विषयावर अख्खा वेगळा लेख होईल, आज नको.

परत सीटवर येते. सगळे मला जे मागचं सुख विकतायत ते आमच्या घरात घेणार कोण? त्याच चोर्ल्याच्या दिवशी आई मागं बसली होती. मोठ्या माणसाला मागं बसवायचं, ऐसपैस, ही आपली रीत. जांबोटीपासूनच ती गप्प झाली. हातात लिंबू, डोळे मिटलेले. मी ब्रेक दाबून रांगेत घुसले त्यानंतर दोन वळणांत तिनं खिडकीवर टकटक केलं. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी गाडी थांबवली, तिथं जे व्हायचं ते झालं. आणि तोंड धुऊन, पदरानं पुसून बाई म्हणते काय, "मला पुढं बसव. मागं मला रस्ता दिसत नाही."

बसवलं. नवरा मागं गेला. पुढं बसल्यावर पार गोव्यातल्या साखळी गावापर्यंत आईला काही म्हणजे काही झालं नाही. यात जादू नाही, कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोर नुसती सीटची पाठ दिसते, तिथं पोट बिघडतं. रस्ता दिसला की दोघांचं जुळतं. वर पुढची सीट मागं सरकवली की तिच्या गुडघ्यांनाही बरं. आणि पुढचा घाट ती मला गाडी शिकवत होती! "आता मोकळं आहे, जा. मार हॉर्न. अगं जा की, काय बघतेस!" बहात्तर वर्षांची बाई. तिला मी सुपर्बच्या त्या सोफ्यावर नेऊन टाकू?

मागं कोण होतं? नवरा आणि लेक. लेक कानात वायर घालून. नवरा झोपलेला. हा माणूस वडापच्या जीपमध्ये मधल्या सीटवर उभ्या-आडव्या सामानात झोपू शकतो, मी पाहिलंय. त्याच्या झोपेसाठी सोळा सेंटीमीटर विकत घ्यायचे?

एक मात्र आहे, आणि हे मी दात-ओठ खाऊन लिहितेय: आपल्याकडचे हंप. आरएस खाली घासणार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हंप आहे, पेव्हर उकरून मधोमध सिमेंटचा उंचवटा घातलेला, त्यावर स्विफ्ट पण कण्हते. जांबोटी रोडला प्रत्येक गावाच्या वेशीवर एकेक, एखाद्या शाळेपुढं तर तीन सलग, पांढरा पट्टा नाही, बोर्ड नाही. रात्री तर अंदाजानं. कडक सस्पेन्शन पाठीला कळतं, गाडी पेट्रोल जास्त पिते, आणि आरएसचे सुटे भाग सुपर्बपेक्षा स्वस्त नाहीत. हे सगळं मान्य. पुढं?

पुढं काही नाही. मला तीच आवडली.

आणि एक सांगते, या दोन्ही जातीच्या गाड्या हळूहळू नाहीशाच व्हायला लागल्यात. ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब दोन्ही २०२३ मध्ये इथं बंद झाल्या. सुपर्ब २०२४ मध्ये परत आली ती बाहेरून आणलेली, मोजक्या गाड्या. नवी आरएस २०२५ मध्ये आली, २६५ पीएसची, तीसुद्धा फक्त १०० गाड्या आणि किंमत जवळजवळ ५० लाख. ती आपल्या नशिबात नाही. सगळ्यांना उंच उंच एसयूव्ही हव्यात, वरून रस्त्याकडे बघायला. बघा बापडे. मला रस्त्याच्या जवळ बसायला आवडतं.

हे सगळं लिहिता लिहिता राग थोडा उतरला बहुतेक. त्या कोल्हापूरच्या माणसाचीही चूक किती म्हणावी, दिवसाला दहा नवरे येत असतील त्याच्याकडे, आणि मागं बसून "छान आहे" म्हणणाऱ्या दहा बायका. शेवटी निघताना त्यानं चहा दिला, चांगला दिला. आणि मी आरएसच्या बोनेटखाली वाकून कूलंटच्या डब्याला हात लावला तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला, "तुम्हीच चालवणार व्हय?" व्हय.

एनओसी त्यानंच काढून द्यायची, ती हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स नाही, आणि पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणार, असं सांगून आलेय. आठवडाभर मागितलाय त्यानं.

आता कामाचं. बेळगावात, खानापुरात किंवा निपाणीत कुणाकडे ऑक्टाव्हिया आरएस असेल, किंवा कुणाच्या ओळखीत असेल, तर मला इनबॉक्समध्ये सांगा: खालची गार्ड प्लेट किती घासते, आणि जांबोटी रोडचे हंप तिरके घेतले तर निघतात का. डीएसजीचं काम बेळगावात कोण नीट करतं तेही सांगा, हुबळीला न्यावी लागू नये एवढीच इच्छा. "एसयूव्ही घ्या" म्हणणाऱ्यांनी कृपया कमेंट करू नये. "ड्रायव्हर ठेवा" म्हणणाऱ्यांनी तर मुळीच नाही. भाऊजी, तुम्हीसुद्धा.