एकाच मजल्यासाठी लिफ्ट?

पहिल्या मजल्यावर जायला मी लिफ्ट वापरते, हा गुन्हा कबूल. शिक्षा मात्र जरा जास्तच झाली.

लिफ्टमध्ये एक काका आधीच उभे होते. पांढरेशुभ्र बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. मी एकचं बटण दाबलं, तर त्यांनी दार उघडं ठेवायच्या बटणावर अंगठा टेकवला.

"एकच मजला?"

"हो."

"या वयात?"

म्हटलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे, थकवा येतो.

"मलाही येतो की! जेवल्यावर तर डोळे मिटतात. पण मी लगेच उठतो, चालायला लागतो!" अंगठा तसाच. "रोज दोन पायऱ्या जास्त चढायच्या. शरीराला जशी सवय लावाल तशी लागते."

मग त्यांचे मामा आले. म्हणजे गोष्टीत. ऐंशीव्या वर्षी डोंगर चढलेले. मामा निम्म्यावर पोचेपर्यंत मी भिंतीला टेकले होते.

आता यांना काय सांगू? या आजारात झेपेल त्यापलीकडे गेलं की फटका बहुधा १२ ते ४८ तासांनी बसतो. आज हसतमुख दिसणारी बाई परवा अंथरुणात असते, आणि परवा बघायला काका थोडेच येणार? 'रोज थोडं थोडं वाढवा' हा ठरावीक व्यायामाचा उपाय ब्रिटनमध्ये उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या 'नाइस' संस्थेने या आजारासाठी देऊ नये, असं २०२१ मध्येच सांगून टाकलंय. मामांना कळवायचं राहिलं असावं.

बसून होणारं काम उभ्याने करायचं नाही, हा माझा नियम. अंघोळ स्टुलावर, इस्त्री खुर्चीत. केस धुणं म्हणजे तर मोहीमच, हात डोक्याच्या वर धरायचे असतात ना! त्या दिवशी बाकी सगळं रद्द करायचं. परवाचा दिवस असाच केसांसाठी राखलेला होता. पायऱ्या वाचवल्या त्या त्यासाठीच. वाचलेलं सगळं काकांसमोर उभं राहण्यात गेलं, वर चेहऱ्यावर ते ऐकून घेतल्याचं हसू. ते हसू काय फुकट येतं?

शेवटी अंगठा सुटला. "राग नाही ना आला? तुमच्या भल्यासाठीच बोललो."

"छे छे," मी म्हटलं. हेही मलाच करायचं, त्यांची समजूत घालायची! आजारी कोण आहे नेमकं?

केस अजून धुतलेले नाहीत. आणि आता तेलकट दिसतात म्हणून कुणीतरी शांपू सुचवेलच.